कनिष्ठ महिला जागतिक हॉकी स्पर्धा

कनिष्ठ महिला जागतिक हॉकी स्पर्धा : एकवीस वर्षांखालील महिला खेळाडूंच्या राष्ट्रीय संघांसाठी आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघातर्फे भरविण्यात येणारी मैदानी हॉकीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. ही स्पर्धा प्रथम १९८९ मध्ये कॅनडातील ऑटावा येथे भरली. प्रारंभी ती साधारणपणे दर चार वर्षांनी भरत असे. २०२३ पासून ती दर दोन वर्षांनी भरविण्याची पद्धत पडली. भारताने या स्पर्धेत २०१३ साली कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष नोंद घेण्याजोगी बाब म्हणजे २०२२ व २०२३ या लागोपाठच्या दोन स्पर्धांतील भारतीय संघांत सातारा जिल्ह्यातील मुलींना स्थान मिळाले. हॉकीची फारशी परंपरा नसलेल्या ग्रामीण भागातील मुली या स्पर्धेपर्यंत कशा पोहोचल्या, हे समजण्यासाठी स्पर्धेचा व भारतातील महिला हॉकीचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

हॉकी हा शब्द निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या अर्थाने वापरला जातो. भारत, पाकिस्तान, नेदर्लंड्स इ. देशांत त्याने मैदानी हॉकीचा बोध होतो. उलट कॅनडा, रशिया, अमेरिकेची संयुक्त संस्थाने अशा देशांत हॉकी म्हणजे बर्फावरील हॉकी असेच मानले जाते. बर्फावरील हॉकीच्या अठरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा स्वतंत्र असून ती २००८ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे सुरू झाली. पहिले अजिंक्यपद अमेरिकेच्या संघाने पटकाविले. भारतात हा हिवाळी खेळ मुख्यत्वे लडाख व हिमाचल प्रदेशाच्या उंच प्रदेशांत, गोठलेल्या तळ्यांवर खेळला जातो. भारताचा महिला संघ २०१६ मध्ये तैपेई येथील आशियाई स्पर्धेत प्रथम उतरला व २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत भरलेल्या आशियाई चषक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. प्रस्तुत नोंदीत मात्र मैदानी हॉकीच्या स्पर्धेचाच विचार केला आहे.

पार्श्वभूमी : आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची स्थापना १९२४ मध्ये पॅरिस येथे झाली. हा महासंघ दीर्घकाळ मुख्यतः पुरुषांच्या हॉकीचे नियंत्रण करीत असे. महिलांच्या संघटनांनी १९२७ मध्ये आपला वेगळा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. या संघाचा भर सामने जिंकण्यापेक्षा खेळाच्या प्रसारावर व देशोदेशींच्या खेळाडूंच्या स्नेहमेळाव्यांवर अधिक होता. अजिंक्यपदासाठी चुरशीच्या स्पर्धा भरविण्याबद्दल त्यातील अनेक संघटना साशंक होत्या. पुढे १९८२ मध्ये दोन्ही संस्थांचे एकत्रीकरण झाले आणि पुरुष व महिला हॉकीचा कारभार एकाच छत्राखाली आला.

या दुहेरी व्यवस्थेचा परिणाम स्पर्धांच्या कालक्रमात स्पष्टपणे दिसतो. पुरुषांच्या हॉकीचा ऑलिंपिक सामन्यांत प्रथम समावेश १९०८ मध्ये लंडन येथे झाला. महिलांच्या हॉकीला ते स्थान १९८० मध्ये मॉस्को येथे, म्हणजे ७२ वर्षांनी लाभले. पुरुषांची जागतिक करंडक स्पर्धा १९७१ मध्ये बार्सेलोना येथे, तर महिलांची १९७४ मध्ये फ्रान्समधील मांद्ल्यू येथे सुरू झाली. कनिष्ठ गटात पुरुषांची स्पर्धा १९७९ मध्ये व्हर्साय येथे भरली. महिलांना मात्र आणखी १० वर्षे थांबावे लागले. ज्या वयात खेळाडू घडतो, नेमक्या त्याच वयोगटासाठी मुलींना जागतिक व्यासपीठ सर्वांत शेवटी मिळाले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

स्वरूप व नियम : स्पर्धेच्या आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबर रोजी ज्या खेळाडूचे वय २१ वर्षांपेक्षा कमी असेल, अशीच खेळाडू या स्पर्धेस पात्र ठरते. उदा., २०२३ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००२ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या खेळाडूंचा विचार करण्यात आला. खंडनिहाय कनिष्ठ स्पर्धांतून संघांची निवड होते. आशिया खंडातील संघांना कनिष्ठ आशिया चषक स्पर्धेतून प्रवेश मिळवावा लागतो. सहभागी संघांची संख्या दीर्घकाळ १६ होती. सँटिआगो (चिली) येथील २०२५ च्या स्पर्धेसाठी ती प्रथमच २४ करण्यात आली. प्रारंभी गटवार साखळी सामने व नंतर बाद पद्धतीचे सामने खेळविले जातात. पदकांच्या शर्यतीतून बाहेर पडलेल्या संघांनाही क्रमवारीसाठी पुढचे सामने खेळावे लागतात.

खेळाचे नियम वरिष्ठ गटाप्रमाणेच असतात. मैदानाची लांबी ९१.४० मी. व रुंदी ५५ मी. असून प्रत्येक संघात एका वेळी ११ खेळाडू असतात. पूर्वी प्रत्येकी ३५ मिनिटांचे दोन डाव खेळले जात. पुढे त्यांऐवजी १५ मिनिटांचे चार भाग रूढ झाले. बाद सामना बरोबरीत सुटल्यास निर्णायक फटक्यांची फेरी घेतली जाते. त्यात आक्रमक खेळाडूने २३ मी. रेषेपासून चेंडू नेत एकट्या गोलरक्षिकेला चकवून ८ सेकंदांच्या आत गोल करावयाचा असतो. भारतीय मुलींच्या या स्पर्धेतील काही महत्त्वाच्या सामन्यांचा निकाल याच पद्धतीने लागला आहे.

स्पर्धांचा आढावा : १९८९ च्या पहिल्या स्पर्धेत पश्चिम जर्मनीने अजिंक्यपद मिळविले व दक्षिण कोरिया उपविजेता ठरला. १९९३ मध्ये तेरासा (स्पेन) येथे अर्जेंटिनाने ऑस्ट्रेलियावर मात केली. १९९७ मध्ये सोंगनाम (द. कोरिया) येथे नेदर्लंड्स विजयी झाले. २००१ मध्ये ब्वेनस एअरीझ व २००५ मध्ये सँटिआगो येथे दक्षिण कोरियाने लागोपाठ अजिंक्यपद मिळविले. २००९ मध्ये बॉस्टन (अमेरिका) व २०१३ मध्ये मन्शनग्लाटबाख (जर्मनी) येथे नेदर्लंड्सने अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला हरविले; २०१६ मध्ये सँटिआगो येथे अर्जेंटिनाने नेदर्लंड्सचा ४–२ असा पराभव करून त्याची परतफेड केली. त्यानंतरची स्पर्धा डिसेंबर २०२१ मध्ये पॉचेफस्ट्रूम (दक्षिण आफ्रिका) येथे व्हावयाची होती. परंतु कोविड-१९ च्या नव्या लाटेमुळे ती पुढे ढकलण्यात येऊन एप्रिल २०२२ मध्ये भरली. तीत नेदर्लंड्सने जर्मनीला ३–१ असे, तर २०२३ मध्ये सँटिआगो येथे अर्जेंटिनाला २–१ असे नमविले. अशा रीतीने पहिल्या १० स्पर्धांत नेदर्लंड्सने ५, दक्षिण कोरिया व अर्जेंटिना यांनी प्रत्येकी २ आणि पश्चिम जर्मनीने १ अजिंक्यपद मिळविले.

या यशामागील व्यवस्था एकसारख्या नाहीत. नेदर्लंड्समध्ये गावोगावी हॉकीचे क्लब असून त्यांची स्वतःची कृत्रिम गवताची मैदाने आहेत. मुलगी लहानपणीच क्लबची सदस्य होते आणि शिक्षण सांभाळून खेळत राहते. अर्जेंटिनातही क्लबच खेळाचा पाया आहेत. दक्षिण कोरियात मात्र क्लबांची अशी परंपरा नव्हती. तेथे शाळा, महाविद्यालये व शासकीय आणि औद्योगिक संस्थांचे संघ यांच्याद्वारे मोजक्याच मुलींना सातत्याने व कठोर प्रशिक्षण देण्यात आले. या पद्धतीने घडलेल्या संघाने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. ज्या देशांत खेळ घराघरांत रुजलेला नाही, तेथेही शाळा व शासन यांच्या पुढाकाराने तो जागतिक पातळीवर नेता येतो, हे कोरियाच्या उदाहरणावरून दिसते. भारताची व्यवस्था नेदर्लंड्सपेक्षा कोरियाच्या जवळची आहे.

कनिष्ठ गटातील यशाचे फळ वरिष्ठ गटात काही वर्षांनी दिसते, असाही अनुभव आहे. अर्जेंटिनाच्या मुलींनी १९९३ मध्ये कनिष्ठ अजिंक्यपद मिळविले; त्यानंतर सात वर्षांनी, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या देशाला महिला हॉकीतील पहिले ऑलिंपिक पदक (रौप्य) लाभले. भारताच्या बाबतीतही जवळजवळ तेवढाच काळ लागला.

भारतातील महिला हॉकी : भारतात हॉकी आली ती ब्रिटिश लष्कराबरोबर. छावण्या, रेल्वे वसाहती, मिशनरी शाळा व मोठ्या शहरांतील महाविद्यालये ही तिची पहिली केंद्रे होत. महिलांमध्येही या खेळाचा प्रसार प्रथम अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती व पारशी समाजांतील मुलींत झाला. मुंबई व पुणे ही शहरे या दृष्टीने अग्रेसर होती; महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी ठेवण्यात आलेला लेडी रतन टाटा चषक या नात्याचा निदर्शक आहे. १९७४ च्या पहिल्या जागतिक करंडक स्पर्धेत भारतीय महिलांनी चौथा क्रमांक मिळविला. अनेक प्रमुख देशांनी बहिष्कार टाकलेल्या १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्येही सहा संघांत भारत चौथाच राहिला. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडासामन्यांत महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक पटकाविले. या विजयी संघाची कर्णधार पुण्याची एलिझा नेल्सन ही होती; १९८३ मध्ये तिला पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

त्यानंतर भारतीय महिला हॉकीला उतरती कळा लागली. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर खेळली जाऊ लागली होती. कृत्रिम गवतावर चेंडू वेगाने व सरळ धावतो. त्यामुळे मनगटी कौशल्यापेक्षा वेग, दमश्वास व सांघिक हालचाली यांना महत्त्व येते. अशी मैदाने उभारणे व त्यांची निगा राखणे खर्चाचे असते, शिवाय त्यांवर पाणीही मारावे लागते. भारतात ती प्रथम मोजक्या शहरांत तयार झाली आणि मुलींच्या वाट्याला ती आणखी उशिरा आली. १९८० नंतर पुन्हा ऑलिंपिकमध्ये खेळण्यासाठी भारतीय महिला संघाला २०१६ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे वाट पाहावी लागली.

या काळात खेळाचे केंद्र शहरांकडून लहान गावांकडे सरकले. हरियाणातील शाहाबाद व सोनीपत, झारखंडमधील सिमडेगा, ओडिशातील सुंदरगढ, तसेच मणिपूर व मिझोराम ही राज्ये येथून राष्ट्रीय संघात खेळाडू येऊ लागल्या. या ठिकाणांत एक साम्य आढळते. कोठेतरी एखादा निष्ठावान प्रशिक्षक असतो, एखादी शाळा आपले मैदान मोकळे करून देते आणि गावातील एक मुलगी पुढे गेली की तिच्यामागून इतर मुली येतात. शासकीय वसतिगृहे व रेल्वेसारख्या संस्थांतील नोकऱ्या यांमुळे पालकांना हा मार्ग भरवशाचा वाटू लागतो.

भारताची कामगिरी : मन्शनग्लाटबाख येथील २०१३ ची स्पर्धा हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. मणिपूरच्या सुशीला चानूच्या नेतृत्वाखाली खेळणाऱ्या भारतीय संघाने उपांत्यपूर्व सामन्यात स्पेनला हरविले. उपांत्य सामन्यात नेदर्लंड्सकडून पराभव झाला. तथापि ४ ऑगस्ट २०१३ रोजी कांस्यपदकासाठी झालेल्या सामन्यात इंग्लंडशी १–१ अशी बरोबरी झाल्यावर निर्णायक फटक्यांत भारताने ३–२ असा विजय मिळविला. या स्पर्धेतील भारताचे हे पहिले पदक. शाहाबादच्या राणी रामपालला स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

या संघाचे खरे मोल पुढे कळून आले. सुशीला चानूने २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये वरिष्ठ संघाचे नेतृत्व केले. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये राणी रामपालच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी ऑस्ट्रेलियाला उपांत्यपूर्व सामन्यात १–० असे हरवून चौथा क्रमांक मिळविला. याच ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करणारी वंदना कटारिया हीदेखील २०१३ च्या कनिष्ठ संघातील खेळाडू होती. कनिष्ठ कांस्यपदक व ऑलिंपिकमधील चौथा क्रमांक यांत आठ वर्षांचे अंतर आहे. दरम्यान २०१६ च्या कनिष्ठ स्पर्धेसाठी भारतीय मुलींना पात्रताही मिळविता आली नव्हती. एका पिढीच्या यशाबरोबर पुढची पिढी आपोआप तयार होत नाही, हे यावरून दिसून येते. वरिष्ठ संघही २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी पात्र ठरू शकला नाही.

पॉचेफस्ट्रूम येथील स्पर्धेत (२०२२) सिमडेगाच्या सलीमा टेटेने भारताचे नेतृत्व केले. भारताने साखळीत वेल्सला ५–१, जर्मनीला २–१ व मलेशियाला ४–० असे, तर उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण कोरियाला ३–० असे हरविले. उपांत्य सामन्यात नेदर्लंड्सने भारताचा ३–० असा पराभव केला. कांस्यपदकाच्या सामन्यात इंग्लंडशी २–२ अशी बरोबरी झाली. या वेळी मात्र निर्णायक फटक्यांत इंग्लंड ३–० असे विजयी झाले व भारताला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. लखनौच्या मुमताज खानने या स्पर्धेत ८ गोल केले.

जून २०२३ मध्ये जपानमधील काकामिगाहारा येथे भारतीय मुलींनी दक्षिण कोरियाला २–१ असे नमवून कनिष्ठ आशिया चषक प्रथमच जिंकला. त्याच वर्षी सँटिआगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेची सुरुवात भारताने कॅनडावर १२–० असा विजय मिळवून केली. परंतु त्यानंतर जर्मनीकडून ३–४ व बेल्जियमकडून २–३ असे पराभव पत्करावे लागले. दोन्ही वेळी अंतर केवळ एका गोलाचे होते. तेवढ्यामुळे उपांत्यपूर्व फेरी हुकली आणि भारत नवव्या क्रमांकावर राहिला.

सातारा जिल्हा व नीरेचे खोरे : सातारा–सांगली परिसराची क्रीडापरंपरा प्रामुख्याने मातीतील खेळांची आहे. कुस्ती, कबड्डी व खो-खो हे येथील गावांचे खेळ होत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कराडजवळील गोळेश्वरचे. अलीकडील काळात या परिसरातील मुलींनी निरनिराळ्या खेळांत जागतिक पातळी गाठली आहे. माण तालुक्यातील मोही या गावची ललिता बाबर २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मी. अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये तिरंदाजीत प्रथम अठरा वर्षांखालील गटाची व नंतर, वयाच्या सतराव्या वर्षीच, वरिष्ठ गटाची जागतिक विजेती ठरली. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना क्रिकेटमध्ये भारताची आघाडीची फलंदाज झाली.

हॉकीचा या भागातील प्रसार समजण्यासाठी भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. नीरा नदी ही पुणे व सातारा या जिल्ह्यांची दीर्घ अंतरापर्यंतची सीमा आहे. तिच्या दक्षिण तीरावरील शिरवळ (खंडाळा तालुका) हे पुण्याहून येताना सातारा जिल्ह्याचे प्रवेशद्वार होय. शिवकालातील सुभानमंगळ किल्ल्यामुळे इतिहासात परिचित असलेले हे गाव पुणे–बंगळूर महामार्गावर, पुण्यापासून सु. ५० किमी. अंतरावर वसले आहे. येथून पूर्वेकडे फुटणारा रस्ता लोणंदमार्गे फलटणला जातो. पश्चिमेचा डोंगराळ व पावसाचा प्रदेश मागे टाकून हा रस्ता पर्जन्यछायेच्या प्रदेशात उतरतो. नीरेच्या उजव्या कालव्याने त्याचा काही भाग बागायती केला आहे, तर उरलेला कोरडवाहू आहे. पुण्याच्या खडकी छावणीत व मुंबईच्या शाळांत हॉकीची परंपरा जुनी असली, तरी नीरेच्या अलीकडील गावांतून मुलींचा आंतरराष्ट्रीय हॉकीतील प्रवेश ही विसाव्या नव्हे, तर एकविसाव्या शतकातील घटना आहे.

फलटण तालुक्यातील वाखरीची अक्षता आबासो ढेकळे ही शेतकरी कुटुंबातील मुलगी २०२२ च्या पॉचेफस्ट्रूम येथील स्पर्धेत भारतीय संघाच्या बचावफळीत होती. सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा दादासो पिसाळ २०२३ च्या आशिया चषक विजेत्या संघात होती व त्या वर्षीच्या सँटिआगो येथील जागतिक स्पर्धेत तिने भारताचे उपकर्णधारपद भूषविले. याच तालुक्यातील आसू येथील वैष्णवी विठ्ठल फाळके ही वरिष्ठ संघापर्यंत पोहोचली आणि २०२३ मध्ये हांगजो (चीन) येथे भरलेल्या आशियाई क्रीडासामन्यांत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात तिचा समावेश होता. दोन-तीन वर्षांच्या अवधीत एकाच जिल्ह्यातून राष्ट्रीय संघांना इतक्या खेळाडू मिळाव्यात, ही महाराष्ट्राच्या महिला हॉकीत लक्षणीय गोष्ट आहे. एलिझा नेल्सनच्या पिढीतील महाराष्ट्राच्या खेळाडू बहुतांशी पुण्या-मुंबईच्या होत्या. या मुली ऊस व ज्वारीच्या शिवारांतून आल्या.

या बदलात राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेचा उल्लेख करावयास हवा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडासामन्यांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल उभारण्यात आले. त्यानंतर निवडक मुलामुलींच्या निवास, आहार, शिक्षण व प्रशिक्षणाची एकत्रित सोय करणाऱ्या प्रबोधिन्या राज्यात सुरू झाल्या. गावातील शाळेत हातात काठी आली, तालुका व जिल्हा पातळीवरील शालेय सामन्यांत खेळ दिसला आणि तेथून निवासी प्रशिक्षणाची वाट खुली झाली, असा हा क्रम असतो. या साखळीतील एखादा दुवा निखळला, तर पुढचा प्रवास थांबतो. शाळेत क्रीडाशिक्षक नसेल, तर मुलीचे कौशल्य कोणाच्या दृष्टीसच पडत नाही. आणि निवासाची सोय नसेल, तर ते दृष्टीस पडूनही वाया जाते.

अडचणी : वयोमर्यादा सर्व देशांना सारखीच लागू असली, तरी त्या वयापर्यंत पोहोचण्याचा मार्ग सारखा नाही. नेदर्लंड्समधील मुलगी पहिल्या दिवसापासून कृत्रिम गवतावर खेळते. मुरमाच्या वा मातीच्या मैदानावर शिकलेल्या मुलीला चेंडू केव्हा उसळेल याचा भरवसा नसल्यामुळे तो थांबवून मगच पुढे नेण्याची सवय लागते. कृत्रिम गवतावर हीच सवय तिला अडसर ठरते, कारण तेथे चेंडू थांबविण्यात गेलेल्या क्षणात प्रतिस्पर्धी अंगावर आलेला असतो. पायांची ठेवण, शरीराचा झुकाव व धावण्याची लय या गोष्टी तिला पुन्हा शिकाव्या लागतात. हे पुनःशिक्षण जितके उशिरा सुरू होईल तितके अवघड जाते. काठी, बूट, नडगीरक्षक व विशेषतः गोलरक्षिकेचा पोशाख यांचा खर्चही अल्पभूधारक कुटुंबाला पेलणारा नसतो.

दुसरी अडचण सामाजिक आहे. कनिष्ठ खेळाडू घडण्याचा काळ म्हणजे साधारणपणे वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंतचा. ग्रामीण भागात मुलीचे शिक्षण पुढे चालू ठेवावयाचे की नाही, तिला परगावी ठेवावयाचे की नाही व तिचा विवाह केव्हा करावयाचा, हे निर्णयही याच वर्षांत घेतले जातात. अठरा वर्षे पूर्ण होताच विवाह झाल्यास कनिष्ठ गटातील अखेरची व सर्वांत मोलाची दोन-तीन वर्षे हातची जातात. त्यामुळे एखाद्या मुलीचे संघात असणे हे तिच्या कौशल्याइतकेच तिच्या कुटुंबाने घेतलेल्या निर्णयाचेही फलित असते. राष्ट्रीय संघातील एका मुलीचे नाव वर्तमानपत्रात आले, की आसपासच्या गावांतील अनेक पालकांचा हा निर्णय सोपा होतो.

तिसरी अडचण वयोमर्यादा ओलांडल्यानंतरची. कनिष्ठ संघातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंपैकी थोड्याच वरिष्ठ संघात जातात. क्लब-व्यवस्था असलेल्या देशांत उरलेल्या खेळाडू आपापल्या क्लबांतून खेळत राहतात व पुढील पिढीला शिकवितात. भारतात त्यांच्यासाठी मुख्यतः रेल्वे, पोलीस, सशस्त्र दले व सार्वजनिक उपक्रम यांचे संघ हाच आधार असतो. नोकरी न मिळालेली खेळाडू विसाव्या-बाविसाव्या वर्षीच खेळापासून दूर होते आणि तिच्याबरोबर दहा वर्षांचा अनुभवही लोप पावतो. अशा खेळाडूंना आपल्याच तालुक्यात प्रशिक्षक म्हणून काम मिळाल्यास नव्या केंद्राला स्थैर्य येते, असा शाहाबाद व सिमडेगा यांसारख्या जुन्या केंद्रांचा अनुभव आहे.

महत्त्व : कनिष्ठ महिला जागतिक स्पर्धेकडे केवळ पदकतालिकेच्या दृष्टीने पाहिल्यास भारताच्या वाट्याला एक कांस्यपदक व एक चौथा क्रमांक येतो. परंतु तिचे कार्य रोपवाटिकेसारखे आहे. २०१३ च्या रोपांची फळे २०२१ मध्ये टोकिओ येथे दिसली. या हिशेबाने २०२२ व २०२३ च्या संघांतील मुलींच्या खेळाचे पूर्ण फळ २०३० च्या सुमारास दिसावयास हवे. स्पर्धा दर दोन वर्षांनी भरू लागल्यामुळे व संघांची संख्या २४ झाल्यामुळे अधिक मुलींना कोवळ्या वयात जागतिक खेळाचा अनुभव मिळणे शक्य झाले आहे. मात्र त्याचबरोबर पूर्वीपेक्षा निम्म्या अवधीत नवा संघ उभा करण्याची जबाबदारीही प्रत्येक देशावर आली आहे. ही जबाबदारी पार पाडण्यास राष्ट्रीय शिबिरे पुरेशी पडत नाहीत. तिचा पाया तालुक्याच्या शाळेतच घालावा लागतो. फलटण तालुक्याच्या उदाहरणाने हा पाया नीरेच्या खोऱ्यातही घालता येतो, हे सिद्ध केले आहे. तेथे कृत्रिम गवताचे मैदान, नियमित शालेय सामने व प्रशिक्षित क्रीडाशिक्षिका या तीन गोष्टी कितपत उपलब्ध होतात, यावर अक्षता, ऋतुजा व वैष्णवी यांच्यामागून येणाऱ्या मुलींची संख्या अवलंबून राहील.